पोर्टलंडचं कॅडमियम : झाडाच्या खोडावर सापडलेलं प्रकरण

नोकरीची पहिली दोन वर्षं मी हवेचे सॅम्पल गोळा करायचं काम केलंय, हे आधीच सांगतो म्हणजे मला या प्रकरणात एवढा इंटरेस्ट का ते कळेल. गच्चीवर एक पत्र्याचा डबा असतो, वर उतरतं छप्पर, आत व्हॅक्यूम क्लीनरसारखा घुरघुरणारा ब्लोअर, आणि छपराखाली ८ बाय १० इंचाचा पांढरा फिल्टर पेपर. आठ तासांनी तो काढायचा तेव्हा तो राखाडी झालेला असतो, कधी कधी चक्क काळा. मळलेली बाजू आत करून मधोमध घडी घालायची, पाकिटात टाकायचा, फ्लो किती होता ते वहीत लिहायचं आणि नवा पेपर लावून खाली उतरायचं. पुढे लॅबमध्ये त्याचं वजन होतं, त्याचा तुकडा कापून नायट्रिक ॲसिडमध्ये हॉट प्लेटवर उकळतात, गाळतात, आणि मशीनवर लावून शिसं किती, निकेल किती ते काढतात. एवढ्या सगळ्या उठाठेवीनंतर रिपोर्टमध्ये एक आकडा येतो आणि तो आकडा मग "शहराची हवा" म्हणून फिरतो.

पण तो डबा त्या गच्चीवर का ठेवला होता? आमच्या सिनियरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "जिथे प्लग पॉइंट, जिना आणि वॉचमन, तिथे सॅम्पलर." नियमांमध्ये उंची किती हवी, झाडापासून किती लांब हवा वगैरे सगळं लिहिलेलं असतं आणि ते पाळलंही जातं, पण शेवटी जागा ठरते ती वीज आणि कुलूप यावरच. हे वाक्य डोक्यात ठेवा, कारण अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात जे झालं ते सगळं याच वाक्याभोवती फिरतं.

आधी ट्रेंडबद्दल थोडं, नाहीतर गंमत कळणार नाही. हवेतल्या धातूंचा ग्राफ गेल्या चाळीस वर्षांत बहुतेक ठिकाणी खालीच आलेला आहे, आणि त्यात सगळ्यात मोठा हात आहे पेट्रोलमधलं शिसं काढण्याचा. अमेरिकेत १९८० पासून पुढच्या तीन-साडेतीन दशकांत हवेतलं शिसं जवळजवळ ९८ टक्के कमी झालं. आपल्याकडे १९९४ मध्ये मोठ्या चार शहरांत पेट्रोलमधलं शिसं कमी करायला सुरुवात झाली, १९९५ पासून तिथे बिनशिशाचं पेट्रोल मिळायला लागलं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच. युरोपात तर १९९० पासून दर पाच वर्षांनी हजारो ठिकाणचं मॉस, म्हणजे खोडांवर-दगडांवर उगवणारी ती हिरवी मखमल, गोळा करून त्यातले धातू मोजतात, तिथेही शिशाची घसरण सगळ्यात जास्त. म्हणजे ट्रेंड खरा आहे, त्यात काही खोट नाही. फक्त हा जो खाली येणारा ग्राफ आहे तो सगळ्यांत मिसळलेल्या प्रदूषणाचा आहे, पेट्रोलचा धूर सगळीकडे पसरायचा म्हणून तो कुठल्याही गच्चीवर सापडायचा. एखाद्या गल्लीतली एखादी भट्टी जर दोनशे मीटरच्या आतच आपला सगळा माल जमिनीवर टाकत असेल तर ती त्या ग्राफमध्ये दिसायचं कारणच नाही.

आता पोर्टलंड. हे शहर म्हणजे सायकली, कॉफी, झाडं, भुरभुर पाऊस, थोडक्यात "आम्ही फार ग्रीन" असं मिरवणारं शहर. धुरांड्यांचं शहर म्हणून त्याचं नाव कोणी घेणार नाही. नदीकाठी आणि रेल्वे लाइनच्या बाजूनी कारखाने आहेत, फाउंड्र्या आहेत, आणि जुनी घरं त्यांना अगदी चिकटून आहेत. २००९ ते २०११ च्या दरम्यान तिथल्या पर्यावरण खात्यानी, ज्याला सगळे डीईक्यू म्हणतात, शहरातल्या विषारी वायू-धातूंचं एक मॉडेल बनवलं होतं. गाड्या किती, शेगड्या किती, कारखान्यांनी नोंदवलेला धूर किती, हे सगळं घालून हवेत काय असायला हवं ते कॉम्प्युटरनी काढायचं आणि हवा मोजणाऱ्या मॉनिटरच्या आकड्यांशी ताडून बघायचं. बाकी बरंचसं जुळलं पण कॅडमियम, हा एक विषारी धातू, जुळेना. मॉनिटरवर येतंय त्यापेक्षा हिशोबात कमी. म्हणजे शहरात कुठेतरी कोणीतरी कॅडमियम सोडतंय जे यादीत नाही. आणि ते तसंच राहिलं. मी याला फार नावं ठेवणार नाही, न जुळणारे आकडे आमच्या लॅबमध्येही असायचे आणि त्यापुढे पेन्सिलनी प्रश्नचिन्ह काढून आम्हीही पुढच्या पानावर जायचो.

मग या गोष्टीत दोन माणसं येतात जी डीईक्यूची नाहीतच. अमेरिकेच्या वनखात्याच्या संशोधन केंद्रातले जेफ्री डोनोवन आणि सेरा जोवन. डोनोवन मूळचे अर्थशास्त्रवाले, शहरातली झाडं गेली तर माणसांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो असल्या विषयांवर काम करणारे, आणि जोवन या लायकेन आणि मॉसच्या तज्ज्ञ. लायकेन म्हणजे आपलं दगडफूल बरं का, गोड्या मसाल्यात घालतो ते. दगडफूल आणि मॉस दोघांची एक खोड सारखी : मुळं नाहीत. जमिनीतून काही ओढायची सोयच नाही, जे काही खायचं-प्यायचं ते पावसातून, धुक्यातून, हवेतल्या धुळीतून. मॉसची पानं बहुतेक एका पेशीच्या जाडीची, वर मेणाचा थर नसल्यासारखाच, त्यामुळे हवेतून जे काही पडेल ते थेट आत. शिवाय पेशींच्या भिंतीवर ऋण भार असलेल्या जागा असतात आणि धातूचे आयन धन भाराचे, ते तिथे जाऊन चिकटतात आणि सहजासहजी निघत नाहीत. म्हणजे आमचा तो पत्र्याचा डबा जे वीज खाऊन आठ तास करायचा ते मॉस फुकटात वर्षानुवर्षं करत बसलेलं असतं. (मराठीत आपण शेवाळ म्हणतो त्यात मॉसही येतं आणि टाकीतली ती बुळबुळीत हिरवी घाणही येते, त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून मी इथे मॉसच म्हणतो.)

डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी पोर्टलंडभर फिरून झाडांच्या खोडांवरून ऑर्थोट्रिकम लायेली नावाच्या मॉसचे ३४६ नमुने काढले. हे मॉस तिथल्या रस्त्याकडेच्या पानगळीच्या झाडांवर भरपूर उगवतं, आणि डिसेंबरमध्ये पानं गळून खोडं उघडी असतात, पावसानी मॉस टवटवीत असतं, म्हणजे काढायला सोपं. पण मला यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी शहरावर चौकटी आखल्या आणि त्या चौकटींत जागा बऱ्यापैकी चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडल्या. प्लग पॉइंट नको, जिना नको, वॉचमन नको, फक्त झाड हवं, आणि झाडं त्या शहरात सगळीकडे आहेत. आमच्यासारख्यांनी हे वाचून कपाळाला हात लावावा अशी गोष्ट आहे ही. एका शहरात धातू मोजणारे मॉनिटर असतात फार तर हाताच्या बोटावर मोजण्याइतके, आणि यांच्याकडे ३४६ ठिकाणं.

नमुने लॅबमध्ये गेले, वाळवले, दळले, ॲसिडमध्ये विरघळवले आणि मोजले. मग त्या आकड्यांवरून ५० मीटरच्या चौकटींचा शहराचा नकाशा बनवला, आणि कॅडमियमच्या नकाशावर दोन ठिकाणी लालभडक डाग आले. एक दक्षिण-पूर्व भागात, एक उत्तरेला. त्या डागांच्या मधोमध काय आहे म्हणून बघितलं तर दोन्हीकडे काचेचे कारखाने. आर्ट ग्लासचे, म्हणजे चर्चच्या खिडक्यांना, दिव्यांच्या शेड्सना, कलाकारांना लागते ती रंगीत काच बनवणारे. बुल्सआय ग्लास आणि युरोबोरोस ग्लास. बुल्सआय १९७४ पासून तिथे आहे आणि जगभरातले काचेचे कलाकार त्यांच्या रंगीत काचा मागवतात. कुठलं मोठं स्टील प्लांट नाही, रिफायनरी नाही, बॅटरीचा कारखाना नाही. काच कलाकारांचं दुकान म्हणा जवळजवळ!

काचेत कॅडमियम कशाला, तर रंगासाठी. ज्यांनी शाळेत किंवा पुढे ड्रॉइंग केलंय त्यांना "कॅडमियम येलो" आणि "कॅडमियम रेड" लिहिलेली रंगाची ट्यूब आठवत असेल, तोच हा धातू. काचेला झगझगीत पिवळा, नारिंगी, लाल हवा असेल तर कॅडमियमची संयुगं सल्फर आणि सेलेनियमबरोबर घालतात. हिरव्यासाठी क्रोमियम, निळ्यासाठी कोबाल्ट. आर्सेनिक रंगासाठी नसतं, ते वितळलेल्या काचेतले बुडबुडे काढून काच स्वच्छ करायला टाकतात. आता भट्टीचं तापमान हजार अंशाच्या बरंच वर आणि कॅडमियम धातू उकळतो ७६७ अंश सेल्सियसला, म्हणजे घातलेल्या कॅडमियममधला काही भाग काचेत जायच्या आधी वाफ होऊन वर निघणारच. वर गेला की गार होतो आणि अगदी बारीक कण बनतात, श्वासाबरोबर फुफ्फुसात खोलवर जाणारे. धुरांड्याला फिल्टर असेल तर ते पकडले जातात. या भट्ट्यांना फिल्टर नव्हते.

आणि हे बेकायदेशीर होतं का? इथेच सगळ्यात चिडवणारा भाग आहे. नव्हतं, निदान कागदावर तरी नाही. बुल्सआयकडे डीईक्यूचं परमिट होतं आणि त्या परमिटच्या अटी ते पाळत होते. काच कारखान्यांच्या धातूंसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा २००७ चा एक नियम आहे, पण तो सतत चालणाऱ्या भट्ट्यांसाठी, म्हणजे बाटल्यांच्या कारखान्यासारख्या, जिथे एका टोकानी माल आत आणि दुसऱ्या टोकानी काच बाहेर, रात्रंदिवस. आर्ट ग्लासवाले एकेक घाणा घालतात, वितळवतात, पळ्यांनी काढतात, पुन्हा घालतात, म्हणून आपल्याला तो नियम लागू नाही असं धरून चालले होते आणि कोणी त्यांना अडवलं नव्हतं. खात्याच्या लेखी तर हे दोघे कॅडमियम सोडणारे म्हणून कुठे नव्हतेच. मॉडेलमध्ये कॅडमियम जुळत नव्हतं ते यामुळे, कारण मॉडेलला खायला दिलेली यादीच अपुरी होती.

मे २०१५ मध्ये वनखात्याच्या लोकांनी हा नकाशा डीईक्यूला दाखवला. इथे एक तांत्रिक अडचण होती आणि ती खरी आहे, कारण पुष्कळ लोक म्हणतात की नकाशा बघितल्या दिवशी भट्टी बंद का नाही केली. मॉसमधला आकडा असतो किलोमागे इतके मिलिग्रॅम. तो मॉसमधला साठा आहे, किती महिन्यांचा की वर्षांचा ते नीट सांगता येत नाही, आणि माणसानी श्वासातून किती घेतलं ते त्यावरून थेट निघत नाही. मॉस "कुठे" ते सांगतं, "किती" ते सांगायला मशीनच लागतं. म्हणून ऑक्टोबर २०१५ मध्ये डीईक्यूनी बुल्सआयपासून १२० मीटरवर एक मॉनिटर लावला आणि महिनाभर हवा ओढली.

महिन्याची सरासरी आली कॅडमियम २९.४ नॅनोग्रॅम प्रति घनमीटर. ओरेगनचा स्वतःचा बेंचमार्क ०.६, म्हणजे ४९ पट. आणि आर्सेनिक, जे मॉसच्या त्या कॅडमियम नकाशाचा मुद्दाही नव्हतं, ते बेंचमार्कच्या १५९ पट.

या पटींनी लोकांची झोप उडाली, साहजिक आहे, पण त्यांचा अर्थ जरा उलगडून घेऊ, कारण पटी ऐकून एकतर लोक घाबरून जातात नाहीतर "हे नेहमीचंच" म्हणून सोडून देतात. तो ०.६ चा बेंचमार्क असा काढलेला आहे की एवढी हवा माणसानी जन्मभर घेतली तर १० लाखांत १ जास्तीचा कॅन्सर. म्हणजे ४९ पट म्हणजे जन्मभर तेवढीच हवा घेतली तर १० लाखांत ४९. दुसऱ्या बाजूनी बघा. मोठा माणूस दिवसाला साधारण १५ ते २० घनमीटर हवा घेतो. २० धरले तर २९.४ गुणिले २०, म्हणजे ५८८ नॅनोग्रॅम, दिवसाला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या थोडं वर. एका सिगारेटमध्ये १ ते २ मायक्रोग्रॅम कॅडमियम असतं आणि त्यातला सुमारे दहावा भाग धुरातून आत जातो. म्हणजे कॅडमियमपुरतं बोलायचं तर त्या मॉनिटरजवळ चोवीस तास राहणारा माणूस रोज ३ ते ६ सिगारेटी ओढल्यासारखं झालं. सिगारेट ओढणारा निदान स्वतःच्या हातानी पेटवतो, इथे कारखान्याच्या शेजारी लहान मुलांचं पाळणाघर होतं. आणि कॅडमियम शरीरातून लवकर जात नाही, मूत्रपिंडात साठतं, तिथे त्याचं अर्धं व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. जपानमध्ये तोयामा भागात खाणीचं पाणी भातशेतीत जाऊन "इताई-इताई" नावाचा आजार झाला होता, म्हणजे "दुखतंय-दुखतंय", तो याच धातूचा, हाडं ठिसूळ होऊन माणसं कळवळायची. पोर्टलंडचं प्रमाण तिथल्याच्या जवळपासही नव्हतं हेही सांगायला हवं. पण महिन्याची सरासरी म्हणजे काही दिवस त्याच्या बरेच वर असणार, आणि थोड्या दिवसांच्या संपर्कासाठीही ही पातळी काळजीची होती असं संशोधकांनी स्वतः लिहिलंय.

ऑक्टोबरचे आकडे हातात येऊन लोकांपर्यंत पोचायला फेब्रुवारी २०१६ उजाडला, आणि तेही एका स्थानिक साप्ताहिकानी बातमी छापली म्हणून. मग जे व्हायचं ते झालं. जवळच्या हायस्कूलमध्ये सभा झाली, शेकडो लोक, कडेवर पोरं घेऊन आलेले आईबाप. आरोग्य खात्यानी सांगितलं की कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत परसात पिकवलेली भाजी मातीची तपासणी होईपर्यंत खाऊ नका. कल्पना करा, शहर असं की घरटी टोमॅटो आणि केलचा वाफा, ऑरगॅनिक म्हणून कौतुकानी वाढवलेला. पुढे महिन्याभरात मातीचे रिपोर्ट आले आणि त्यात घाबरण्यासारखं काही निघालं नाही. हेही चमत्कारिकच ना, हवेत एवढं आणि मातीत फारसं नाही. पण मातीत आधीचं नैसर्गिक कॅडमियम असतंच, वर पडणारं त्यात मिसळून पातळ होतं, आणि मॉसमध्ये तसं काही मिसळायला नसतं म्हणून तिथे ते उठून दिसतं. ज्यांना वाटतं की प्रदूषण शोधायचं तर माती तपासा, त्यांनी हे लक्षात ठेवावं. इथे कोणी फक्त माती तपासली असती तर "सब ठीक" म्हणून फाइल बंद झाली असती.

दोन्ही कारखान्यांनी आपण होऊन कॅडमियम वापरणं थांबवलं. आणि त्यानंतरचे आकडे बघा, सगळ्या प्रकरणात पुरावा म्हणून याच्या तोडीचं दुसरं काही नाही : मोठ्या कारखान्याजवळची महिन्याची सरासरी २९.४ वरून १.१ वर आली आणि दुसऱ्याजवळ ०.६७ वर. काही महिन्यांत. कुठे नवीन तंत्रज्ञान नाही, रस्त्यावरच्या गाड्या तेवढ्याच, फक्त दोन ठिकाणी पिवळी-लाल काच बनवणं थांबलं. ट्रेंड ट्रेंड आपण म्हणतो तो असा असतो जवळून बघितला तर, हळूहळू उतरणारी रेघ नाही, एक पायरी. आणि शहराच्या वार्षिक सरासरीत ही पायरी दिसली असती का? मुळीच नाही.

पुढचं जरा भराभर सांगतो कारण ते राजकारण आणि कोर्टबाजी आहे. मार्च २०१६ मध्ये डीईक्यूच्या संचालकांनी तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दिला. बुल्सआयनी एका भट्टीला बॅगहाउस बसवलं, म्हणजे कापडी पिशव्यांचा मोठा फिल्टर, पिठाच्या गिरणीत पीठ उडू नये म्हणून पिशवी बांधतात त्याचा थोरला भाऊ. तेवढ्यात मे महिन्यात शेजारच्या मॉनिटरवर शिसं वर आलं आणि राज्यपाल केट ब्राउन यांनी फिल्टर नसलेल्या भट्ट्यांत धातू वापरू नका असा १० दिवसांचा हुकूम काढला. (तिकडे राज्यपाल म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांसारखं, शपथ देणारे नव्हेत.) युरोबोरोस पुढे बंद झाला. बुल्सआय टिकला, फिल्टर लावून, आणि शेजाऱ्यांनी केलेला दावा २०१९ मध्ये ६५ लाख डॉलर देऊन मिटवला. कंपनीचं म्हणणं शेवटपर्यंत हेच की आम्ही नियम पाळत होतो. ते खरंही आहे, आणि म्हणूनच मला हे प्रकरण कुठल्याही "चोर कारखान्या"च्या गोष्टीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, चोराला पकडता तरी येतं.

नियमात बदल झाला तो असा. नोव्हेंबर २०१८ मध्ये ओरेगननी "क्लीनर एअर ओरेगन" नावाचे नियम मंजूर केले. आधी परमिट देताना बघायचे की तुमच्या प्रकारच्या कारखान्याला कुठला फिल्टर सांगितलाय. आता उलट बाजूनी सुरुवात, कारखान्यानी आपण काय काय सोडतो ते सगळं सांगायचं, आणि कुंपणापलीकडे राहणाऱ्या माणसाला त्यापासून किती धोका ते मोजायचं, तो ठराविक पातळीच्या वर गेला की कमी करायचा. ऐकायला एवढंसं वाटतं पण मोठा फरक आहे, कारण पहिल्या पद्धतीत आर्ट ग्लासवाला कुठल्याच खणात बसत नव्हता.

आणि मॉस काही तिथेच थांबलं नाही. २०१९ मध्ये सिएटलच्या दुवामिश खोऱ्यात, म्हणजे कारखाने, बंदर, विमानतळ आणि गरीब वस्ती सगळं एकाच ठिकाणी, तिथल्या शाळकरी वयाच्या पोरापोरींनी स्वतः झाडांवरून मॉस काढलं, साफ केलं, लॅबला पाठवलं. मला हे वाचताना हेवा वाटला. आमच्या वेळी सॅम्पलरला हात लावायचा म्हणजे तीन सह्या.

आता आपल्याकडचं, कारण तेवढ्यासाठीच मी हे खोदत बसलो. १८ नोव्हेंबर २००९ ला निघालेली आपली हवेची राष्ट्रीय मानकं १२ प्रदूषकांची आहेत. त्यात धातू तीन : शिसं, वार्षिक ०.५ मायक्रोग्रॅम, आर्सेनिक ६ नॅनोग्रॅम आणि निकेल २० नॅनोग्रॅम. शेवटचे दोन आकडे युरोपच्या आकड्यांशी हुबेहूब जुळतात. युरोपच्या त्याच यादीत कॅडमियमसाठी ५ नॅनोग्रॅम आहे. आपल्या यादीत कॅडमियम नाहीच. म्हणजे उद्या भिवंडीत किंवा इचलकरंजीत किंवा तळोज्यात कोणी मोजलं आणि २९.४ आलं तर ते कशाच्या वर आहे? कशाच्याच नाही. आर्सेनिकच्या बाबतीत निदान ओरडायला आकडा आहे.

शिवाय मोजमाप किती वेळा, तर हातानी चालणाऱ्या स्टेशनांवर आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४. आणि मोबाइलवर जो रंगीत एक्यूआय बघून आपण पोरांना मास्क लावतो त्याच्या मूळ यादीत शिसं आहे, पण शिसं फिल्टर पेपर उकळल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे त्या दर तासाच्या आकड्यात ते येणार कुठून. तो हिरवा-पिवळा ठिपका धातूंबद्दल बहुतेक काहीच बोलत नसतो.

मग पुण्यात मॉस काढायला निघायचं का? इतकं सरळ नाहीये ते, मी विचार करून बघितलाय. पोर्टलंडचं मॉस वर्षातले बरेच महिने ओलं असतं. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर खोडं आणि कंपाउंडच्या भिंती हिरव्यागार आणि फेब्रुवारीत त्याच जागी तपकिरी पापुद्रा, नखानी खरवडला की भुगा. सुकलेलं मॉस तेवढं धरत नाही, पावसात वरवरची धूळ धुवून जाते, आणि आपल्या धुळीत मातीच इतकी असते की धातू भट्टीचा की रस्त्याच्या मुरुमाचा हे वेगळं काढावं लागेल. भिंतीवरचं घेतलं तर सिमेंटचा हिशोब वेगळा. म्हणजे आधी आपल्याकडच्या मॉसची एखादी जात निवडायला हवी, वर्षभर एकाच जागेवरचं दर महिन्याला मोजून बघायला हवं. दुसरा रस्ता म्हणजे महाबळेश्वरसारख्या स्वच्छ जागेचं मॉस जाळीच्या पिशवीत भरून शहरात टांगायचं आणि ठराविक आठवड्यांनी उतरवायचं, पिशवीला वीज लागत नाही, आणि वॉचमन लागला तरी माकडांपुरता. एखाद्या कॉलेजच्या बॉटनी आणि केमिस्ट्रीच्या दोन डिपार्टमेंटनी एकमेकांशी बोलायचं ठरवलं तर एका वर्षाचं काम आहे.

माझ्या त्या दोन वर्षांतली एक गोष्ट राहिली. आमचा एक सॅम्पलर होता एका सरकारी इमारतीच्या गच्चीवर, आणि तिथून चार-पाचशे मीटरवर नाल्याच्या पलीकडे पत्र्याचं एक शेड, बोर्ड नाही, दिवसा शटर खाली. रात्री तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे हे आजूबाजूच्या सगळ्यांना माहीत होतं, घशाला एक गोडसर खवखव यायची, शेजारच्या चहाच्या टपरीवाल्या काकांनी तर मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "साहेब, तुमचं मशीन तिकडे का नाय लावत?" मी सिनियरना सांगितलं. ते म्हणाले तिकडे पॉइंट नाही. वारा बहुतेक दिवस गच्चीकडून शेडकडे असायचा, उलटा नाही. दोन वर्षं मी तिथले पेपर बदलले, शिसं कधीही मर्यादेच्या वर आलं नाही. नंतर रस्ता रुंदीकरणात ते शेड गेलं, आता तिथे टू-व्हीलरचं शोरूम आहे. त्या स्टेशनचे जुने तक्ते मागे एकदा काढून बघितले, शिशाच्या कॉलममध्ये ओळीनी "मर्यादेत, मर्यादेत, मर्यादेत", आणि खाली सही माझीच.